ब्लोअर विकू नका, आधी मामंजींची खाट हलवा

पत्र:

ताई, आमचं फुलेवाडीत तळमजल्याचं स्लॅबचं घर आहे. माणसं पाच. मामंजी (७६), आत्याबाई, आम्ही दोघं आणि दहावीतला मुलगा. ऑक्टोबरचं लाइट बिल १६५ युनिटचं होतं, सतराशेच्या आत. जानेवारीचं आलं ३७२ युनिटचं, चार हजार सहाशेच्या वर. दिवाळीच्या सेलमध्ये ह्यांनी मामंजींसाठी २००० वॅटचा ब्लोअर आणला होता. रात्री जेवणानंतर दीड तास आणि पहाटे अर्धा तास तो चालायचा. गिझर १५ लिटरचा. प्रत्येकाच्या अंघोळीची वेळ वेगळी, म्हणून पहाटे पाचपासून दहापर्यंत चालू, संध्याकाळी परत चालू. बिल बघून हे सगळ्यांसमोर बोलले, "ह्या ब्लोअरनं घर बुडवायचंय काय?" त्या दिवसापासून मामंजींनी ब्लोअरला हात लावलेला नाही. रात्री स्वयंपाकघरात माझ्या मागं पाटावर येऊन बसतात, गॅसच्या उबेला. तरुणपणी शिवाजी पेठेत तालीम केलेला माणूस, शाल घ्या म्हटलं तर हसतात. आत्याबाई म्हणतात, माळ्यावरचा तांब्याचा बंब काढा आणि रात्री खाटेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवा. हे म्हणतात, ५ स्टारचा नवा गिझर घेऊ. सोलरवालाही घर बघून गेलाय. ब्लोअर लावला की प्लग हाताला चटका बसेल एवढा तापतो, ते वेगळंच. मी कुणाचं ऐकू?
– गारठलेली सून

उत्तर:

ताई, तुम्ही जे जाता जाता लिहिलंय, तिथूनच सुरू करते. प्लग तापतोय ना, मग वायरमन येऊन जाईपर्यंत ब्लोअर कुणीही लावायचा नाही. २००० वॅट म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर करंट. तो मोबाइल चार्जरच्या छोट्या सॉकेटमधून किंवा एक्स्टेन्शन बोर्डातून ओढला की आतली पट्टी सैल होते, काळी पडते आणि एखाद्या रात्री पेट घेते. त्याला १६ अँपिअरचं मोठं सॉकेट आणि बोर्डापासून जाड वायर लागते. वायरमन आलाच आहे तर मेन बोर्डात ईएलसीबी किंवा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवलेला आहे का तेही बघायला सांगा. गिझर असलेल्या घरात तो हवाच. आणि निखाऱ्याच्या शेगडीचं आत्ताच सांगून टाकते. बंद खोलीत, झोपलेल्या माणसाच्या खाली, कधीही नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, ठसका लागत नाही. माणूस झोपेतून उठतच नाही. पूर्वी चालायचं, कारण पूर्वी कौलं होती, कुडाच्या फटी होत्या, धूर आणि गॅस दोन्हीला वाट होती. स्लॅबच्या घरात ॲल्युमिनियमच्या खिडक्या लावून शेगडी ठेवणं ही वेगळीच गोष्ट झाली. आत्याबाईंना हे तुम्ही सांगू नका, मुलाकडून सांगवा. दहावीच्या विज्ञानाची मदत घेतली की सुनेवर येत नाही.

आता बिल. युनिट सव्वादोनपट झाले आणि पैसे पावणेतीनपट, हे तुमच्या लक्षात आलं का? विजेचा दर सरळ नसतो, पायऱ्यांचा असतो. महावितरणच्या घरगुती बिलात पहिली १०० युनिटं एका दरानं, १०१ ते ३०० दुसऱ्या, ३०१ ते ५०० तिसऱ्या, त्यापुढची चौथ्या. व्हीलिंग आकार (वीज तारांवरून घरापर्यंत आणण्याचा) धरून मोटामोटी सहा रुपये, अकरा रुपये, पंधरा रुपये असं समजा. त्यावर १६ टक्के वीज शुल्क, म्हणजे खिशातून जातात अनुक्रमे सात, पावणेतेरा आणि साडेसतरा. दर वर्षागणिक थोडे हलतात. तुमच्या बिलावर छापलेले घेऊन एकदा स्वतः बेरीज करा, डोळे उघडतात. तुमच्या जानेवारीच्या बिलात पहिल्या १०० युनिटांचे सातशे रुपयेसुद्धा होत नाहीत. ३०० च्या वर गेलेल्या शेवटच्या ७२ युनिटांचे मात्र साडेबाराशे झालेत.

म्हणून "युनिटला सरासरी बारा रुपये पडतात" असला हिशेब करू नका. थंडीत वाढलेलं प्रत्येक युनिट सगळ्यात वरच्या पायरीवर बसलेलं असतं. खाली उतरवायची तीही तिथलीच. ३०० ची रेघ ओलांडायची नाही एवढं एकच ध्येय ठेवलंत तरी हिवाळा निम्मा जिंकलात.

ही वाढ आली कुठून? २००० वॅटचा ब्लोअर तासाला दोन युनिटं खातो. रोजचे दोन तास म्हणजे चार युनिटं, महिन्याला १२०. वरच्या पायरीवर त्याचा एक तास पस्तीस रुपयांना पडतो. गंगावेशीत अर्धा लिटर दूध येईल त्यात. गिझरचं गणितही अवघड नाही. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि विजेच्या एका युनिटात ८६० असतात. पहाटेचं टाकीतलं पाणी १७-१८ अंश, अंघोळीला हवं ४२-४३. वीस लिटरची बादली म्हणजे ५०० किलोकॅलरी, अर्ध्या युनिटाच्या थोडं वर. पाच बादल्या म्हणजे रोज तीन युनिटं, महिन्याला ९०. शिवाय गिझर तासन्‌तास चालू राहिला की पाणी निवतं, परत तापतं, परत निवतं, त्यात रोज पाव ते अर्धं युनिट नुसतं भिंतीला जातं. १२० आणि शंभरेक मिळून तुमच्या २०७ च्या वाढीपेक्षा थोडं जास्तच होतात, कारण थंडीत पंखे बंद झाल्याचा फायदा त्यातून वजा व्हायचाय. म्हणजे चोर दोनच आहेत. टीव्ही आणि फ्रिजवर संशय घेत बसू नका. मुलगा रात्री अभ्यासाला लाइट लावतो त्याला तर चुकूनही बोलू नका. ९ वॅटचा एलईडी दिवा रात्रभर जळला तरी ब्लोअरच्या तीन मिनिटांएवढी वीज खात नाही.

ब्लोअरकडे येऊ. आपण कोल्हापुरात राहतो, निफाडला नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा पहाटे साधारण १४-१५ वर उतरतो, एखाद्या लाटेत त्याच्याही खाली. दुपारी मात्र २८-३० असतो, म्हणजे गच्चीवर उभं राहवत नाही. स्लॅब आणि भिंती दिवसभर हे ऊन पितात. घर गार पडतं ते आपण संध्याकाळी सातपर्यंत खिडक्या सताड उघड्या ठेवतो म्हणून. फुलेवाडीसारख्या नदीच्या आणि उसाच्या जवळच्या भागात तर सूर्य कलला की गारवा झपाट्यानं येतो. साडेपाचला खिडक्या लावा. दाराखालच्या फटीला जुन्या साडीची गुंडाळी टाका. सकाळी ऊन आलं की सगळं उघडा, कोंदट होऊ देऊ नका. याला पैसे लागत नाहीत आणि मामंजींच्या खोलीत दोन-तीन अंशांचा फरक पडतो.

आणि त्यांची खाट कुठे आहे ते बघा. तुम्ही लिहिलं नाहीत, पण बहुतेक घरांत म्हाताऱ्या माणसांची खाट पुढच्या खोलीत खिडकीखाली असते, येणाराजाणारा दिसावा म्हणून. दिवसा ती जागा चांगली. रात्री खिडकीच्या काचेचा आणि बाहेरच्या भिंतीचा सगळा गारवा त्यांच्याच पाठीत. खाट आतल्या भिंतीला लावा. जमलं तर स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीला. मामंजी उगाच नाही तुमच्या मागं पाटावर येऊन बसत. घरातली ऊब कुठे आहे हे त्यांना कुणी सांगावं लागलेलं नाही.

मग अंथरूण. आपण पांघरुणावर पांघरुणं चढवतो आणि खालून गारठा येऊ देतो. गादीखाली सतरंजी, गादीवर घोंगडी, वर चादर आणि पांघरायला वाकळ. धनगरी घोंगडी टोचते म्हणून आपण ती माळ्यावर टाकली. चादरीखाली गेली की टोचत नाही आणि ऊब मात्र तीच देते. डोक्याला कानटोपी, पायात मोजे. झोपायच्या आधी अर्धा तास रबरी पिशवीत गरम पाणी भरून पायाकडे ठेवा. उकळतं नको, पिशवीला फडकं गुंडाळलेलं असू द्या. मधुमेहानं पायाची जाणीव कमी झाली असेल तर ते अंथरुणात शिरायच्या आधी पिशवी काढून घ्या. एवढं पाणी तापवायला पाव युनिटसुद्धा लागत नाही.

तरीही त्यांना समोर ऊब हवी असेल, आणि ७६ व्या वर्षी ती हवीशी वाटणारच, तर हॅलोजनचा किंवा क्वार्ट्झचा कांडीवाला हीटर बघा. त्यातली ४०० वॅटची एकच कांडी लावायची. ब्लोअर सगळ्या खोलीची हवा तापवत बसतो आणि ती हवा वर स्लॅबला जाऊन थांबते. कांडीचा हीटर समोरच्या माणसाला शेकतो. खुर्चीपासून तीनेक फूट लांब, पांघरुणं-पडद्यांपासून दूर, आणि झोपताना बंद. दीड तासाला जेमतेम सहा दशांश युनिट. जेवणानंतर ते सिरियल बघतात तेवढा वेळ पुरे. दुकानदार तुम्हाला तेलाचा रेडिएटर दाखवून "कमी वीज खातो" म्हणेल. खात नाही. १००० वॅटचा कुठलाही हीटर तासाला एक युनिटच खातो, पोटात तेल असो नाहीतर वारा. ब्लोअर मात्र विकू नका. सॉकेट बदलून झालं की तो १००० वर ठेवून आजारपणासाठी, एखाद्या कडक लाटेसाठी राहू द्या. मामंजींना दमा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर थंडीत तो वाढतो. तिथे युनिट मोजायची नाहीत.

आता खरं अवघड काम. ब्लोअर बंद झाला म्हणून तुमचं पुढचं बिल उतरेलच, आणि मालक म्हणतील, बघा, बोललो म्हणून फरक पडला. तसं होऊ देऊ नका. तालमीतला माणूस थंडी वाजते म्हणून कधी म्हणणार नाही, आणि एकदा पोरगा सगळ्यांसमोर पैशावरून बोलला की ब्लोअरच काय, गरम चहाही मागणार नाही. हे तुमच्या बोलण्यानं सुटणार नाही, ज्यांनी बोललं त्यांनीच ते सोडवायचं. माफी वगैरे मागायला सांगू नका. बाप-लेकांत ती भाषा नसते आणि दोघांनाही ती पेलत नाही. त्यांना एवढंच करायला सांगा की वायरमन आला की त्यांनी मामंजींना शेजारी बसवावं, प्लग जळायला आला होता हे दाखवावं आणि "आबा, हा बदललाय, आता हा छोटा हीटर लावा, हा चालतोय" असं म्हणून स्वतःच्या हातानं कांडीचा हीटर लावून द्यावा. ब्लोअर बंद व्हायचं कारण प्लग ठरलं की बिलाचा विषय आपोआप मागं पडतो. बिलाचा कागदही काही महिने मामंजींच्या हाती पडू देऊ नका. शाल घेत नाहीत तर लोकरी बंडी द्या, अंगात घातली की शर्टाखाली जाते, कुणाला दिसत नाही. पैलवानाला तेवढी सोय हवी असते. सकाळी नऊ ते अकरा उन्हात कट्ट्यावर बसणं तर त्यांना आवडेलच, पेपर तिकडे नेऊन द्या.

गिझरचं काम तुमच्या हातातलं आहे. आतला थर्मोस्टॅट बहुधा ६५-७० वर असेल. तो ५० वर आणायला सांगा. इतकं उकळतं पाणी करून त्यात निम्मं गार ओतायचं कशाला? १५ लिटरचा, २००० वॅटचा गिझर थंड पाण्यापासून ५० पर्यंत यायला वीसेक मिनिटं घेतो. तेवढा आधी लावायचा, अंघोळी पाठोपाठ उरकायच्या आणि बंद करायचा. पहाटे पाचला लावून दहापर्यंत सोडून द्यायचा नाही. बोअरचं पाणी वापरत असाल तर कॉइलवर क्षार चढतो, पाणी तापायला वेळ लागतो आणि शेवटी कॉइल जळते. वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्या.

पण माझ्या मते यातली सगळ्यात मोठी बचत वेळेत आहे. गच्चीवर काळी टाकी असेल ना? दुपारी चारला तिचा नळ सोडून बघा. पाणी हाताला कोमट लागेल, २५-२७ अंश सहज. पहाटेच्या १८ वरून ४२ वर न्यायचं आणि दुपारच्या २६ वरून ४० वर न्यायचं, यात चाळीस टक्क्यांचा फरक आहे. घरात सगळ्यांनीच पहाटे अंघोळ केली पाहिजे असा काही नियम नाही. मुलानं शाळेतून आल्यावर करावी. मालक कामावरून संध्याकाळी पाच-साडेपाचला येत असतील तर त्यांनीही तेव्हाच करावी, तसंही दिवसभराची धूळ अंगावर असते. आत्याबाईंची पूजा पहाटे असणार, तिला हात लावू नका. आणि तुमच्याकडे नवा टीओडी मीटर, म्हणजे वेळेनुसार वीज मोजणारा, बसला असेल तर दिवसा, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळात वापरलेल्या विजेला सवलत मिळते. दुपारची अंघोळ, धुणं, इस्त्री, सगळं त्यातच बसवा. वॉशिंग मशीनचं गरम पाण्याचं बटण मात्र थंडीभर विसरून जा.

गॅसवर पाणी तापवावं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण बाकीच्या वाचक विचारतात म्हणून सांगते. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांएवढी उष्णता असते. शेगडीवर पातेलं ठेवलं की त्यातली साठ-पासष्ट टक्केच पाण्यात जाते, म्हणजे ११५ च्या आसपास. सिलिंडर ९०० चा धरला तर तापलेलं युनिट आठ रुपयांच्या आत पडतं. विजेच्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीपेक्षा हे नक्की स्वस्त, पहिल्या पायरीपेक्षा महाग. पण उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून न्हाणीघरात जाताना कोण घसरतं, कुणाच्या पायावर सांडतं, तो हिशेब यात नाही. सांडलंच तर दवाखान्याचं बिल कुठल्याच पायरीत बसत नाही. गॅस गिझर या दोन्हींपेक्षा किफायतशीर आहे, पण तो बाथरूमच्या आत बसवायचा नाही. बाहेर, मोकळ्या हवेत, तिथून पाइपनं पाणी आत आणायचं. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरनं माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. कारण तेच, शेगडीचं. बादलीतला रॉड विजेच्या दृष्टीनं गिझरपेक्षाही काटकसरी आहे, पण एकानं हात घालून "तापलंय का" बघितलं की संपलं. म्हातारी माणसं आणि घाईतला मुलगा असलेल्या घरात मी रॉड ठेवणार नाही.

बंब काढावा का? माझं उत्तर ऐकून मालक नाराज होतील, पण काढा. तांब्याचा बंब एकदा कल्हईवाल्याला दाखवा. गळत नसेल तर परड्यात, उघड्यावर लावा. करवंट्या, वाळलेली चिपाडं, सुताराकडचे तुकडे, शेणी, जे फुकट मिळतं त्यावरच तो परवडतो. जळण विकत घ्यायचं झालं की गॅस बरा. धूर मामंजींच्या छातीला त्रास देणार नाही आणि शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणार नाही, एवढं बघा. प्लास्टिकचा एक तुकडाही त्यात जाऊ द्यायचा नाही. रोज नाही जमणार. रविवारी, सणाला, पाहुणे आले की लावा. आत्याबाईंना चार दिवस घरात आपलं म्हणणं चाललं असं वाटेल, आणि ते वाटणं त्या घरात सध्या गरजेचं आहे असं मला तुमच्या पत्रावरून दिसतंय.

सोलरवाल्याला लगेच होकार देऊ नका, आणि नकारही देऊ नका. एवढी थंडी आता थोडीच राहिली. महाशिवरात्रीला ती 'शिव शिव' म्हणत निघून जातेच. तुमच्यापुढं दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि विक्रेते त्यांची मुद्दाम गल्लत करतात. एक, पाणी तापवणारा सोलर. पाच माणसांना दिवसाला २०० लिटरचा पुरतो, किंमत पंचवीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान. कोल्हापूरचा हिवाळा याला उत्तम. आकाश निरभ्र असतं आणि पाणी दुपारीच कढत होतं. अडचण जून ते ऑगस्टमध्ये. पंचगंगा पात्राबाहेर येते त्या दिवसांत सोलरचं पाणी गारच असतं, तेव्हा गिझर लागतोच. टाकीपासून बाथरूम लांब असेल तर पाइपातलं गार पाणी रोज सकाळी बादलीभर वाया जातं. पाइपला आवरण घालून घ्या आणि ते पाणी धुण्याला वापरा. दोन, वीज बनवणारा सोलर. पीएम सूर्यघर योजना २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये अनुदान आहे, ३ किलोवॅट आणि पुढे जास्तीत जास्त ७८,०००. एक किलोवॅटला गच्चीवर शंभरेक चौरस फूट सावलीविना जागा लागते आणि महिन्याला साधारण १२० युनिटं तयार होतात, पावसाळ्यात बरीच कमी. उन्हाळ्यात उरलेली युनिटं महावितरणच्या खात्यात जमा राहतात आणि डिसेंबर-जानेवारीच्या गिझरला उपयोगी पडतात, फक्त तो हिशेब दर ३१ मार्चला मिटतो.

तुमचा एरवीचा वापर १६५ युनिट. २ किलोवॅटचा संच बसवला तर वर्षाचा बहुतेक खर्च आणि थंडीतला गिझर दोन्ही त्यात निघून जातात. मग पाण्याचा सोलर वेगळा घ्यायची गरज उरत नाही. गच्चीवर दोन्ही बसवून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून पाठवा. हातात लाखभर मोकळे नसतील तर पाण्याचा सोलर घ्या, चार वर्षांत पैसे निघतात. कुठलंही घ्या, पण पाडव्यानंतर, उन्हाळ्यात, आणि फुलेवाडीतच कुणाच्या तरी गच्चीवर तीन-चार वर्षं चाललेला बघून. शेजाऱ्याचं पावसाळ्यातलं बिल मागून बघायला लाजू नका. लोक आनंदानं दाखवतात, तक्रार करायला कुणीतरी हवंच असतं.

एवढं सगळं न करता नुसता ब्लोअरऐवजी कांडीचा हीटर, गिझरची वेळ आणि दोघांच्या दुपारच्या अंघोळी एवढंच केलंत, तरी माझ्या अंदाजानं तुम्ही अडीचशे युनिटांच्या आसपास याल. बिल अठ्ठावीसशेच्या घरात, म्हणजे अठराशेची बचत. बिलावर रीडिंगच्या तारखाही बघा. किती दिवसांचं बिल आहे आणि रीडिंग खरं घेतलंय की सरासरीनं टाकलंय, हे तिथे लिहिलेलं असतं.

राहिला ५ स्टारचा गिझर. गिझरवरचे स्टार कशाचे असतात, हे दुकानात कुणी सांगत नाही. पाणी तापवायला सगळ्यांना तेवढीच वीज लागते, १ स्टार असो वा ५. फरक एवढाच की तापवून ठेवलेलं पाणी चोवीस तासांत किती निवतं. तुम्ही वीस मिनिटं लावून, अंघोळी उरकून बंद करणार असाल तर निवायला पाणी उरतच नाही. मग त्या जादाच्या स्टारांचे तीन-चार हजार तुम्ही कशाचे देणार? जुना गिझर गळत नसेल तर तोच ठेवा. वाचलेल्या पैशांत १६ अँपिअरचं सॉकेट, कांडीचा हीटर आणि मामंजींची लोकरी बंडी, तिन्ही येतात.